डिझेल सोडलेले बस्त्यावअण्णा

डिझेलला इतक्या पोटतिडकीनं शिव्या देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या माणसाचं पोट डिझेलवरच चालत होतं. बस्त्यावअण्णांकडे भाड्यानं द्यायचा जनरेटर होता. दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला, ट्रॅक्टरच्या मागं जोडून न्यायचा. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या टापूत एखाद्या लग्नात, बारशात किंवा सत्कारात दिवे गेले नाहीत, तर मांडवाच्या मागं कुठंतरी अण्णा पत्रावळ घेऊन बसलेले असणार हे समजून चालावं.

मी मूळची बेळगावजवळच्या कडोलीची. आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळे गावातल्या ज्याला त्याला आपण लिहू शकतो असा संशय असतो. मलाही होता, फक्त लिहायला माणूस मिळत नव्हता. मग खानापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, चर्चच्या मराठी शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले आणि शाळेच्या कुंपणाला लागूनच अण्णांचं घर निघालं.

अण्णा उंचीनं बेताचे आणि रुंदीनं सढळ. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, आणि त्याच दोऱ्यात दहा-अकरा नंबरचा पाना. समोर येईल ती वस्तू पान्यानं ठोकून बघायची, ही त्यांची खोड. फणस ठोकायचे, दुकानातला नारळ ठोकायचे, नवे फादर आले तेव्हा त्यांच्या गाडीचं बॉनेट ठोकून झालं. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी माझा जेवणाचा डबा ठोकून म्हणाले, "टीचर, ह्यात भाकरी हाय, चपाती न्हाय." भाकरीच होती. कुठलंही यंत्र दिसलं की त्यावर पालथा हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि डोळे मिटून म्हणायचे, "यंत्र खोटं बोलत न्हाय. बोलतोय त्यो मालक."

तीस वर्षं जनरेटरशेजारी बसून त्यांचे कान निम्मे गेले होते. आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे जगालाच कमी ऐकू येतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे ते कानात सांगायची गोष्टसुद्धा फाटकापर्यंत पोहोचवत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग बिशपांकडून परिपत्रक आलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आम्ही सगळ्या शिक्षिका, धर्म कुठलाही असो, मागच्या बाकावर बसायचो. आमचे फादर इनास वयानं तरुण, अंगानं काटकुळे आणि उत्साहानं ओसंडणारे. त्यांनी परिपत्रक वाचलं आणि समजावून सांगितलं. पृथ्वी हे सगळ्यांचं घर आहे, कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण आपल्याच घराला आग लावतोय, रोमहूनही हेच सांगणं येतंय, म्हणून चर्चनं यातून बाहेर पडायचं. पण यावर ज्यांचं पोट आहे त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हाताला धरून बरोबर न्यायचं. हा झाला न्याय्य बदल. मग फादरांनी विचारलं, "आपल्या चर्चनं डिझेल सोडायचं का?"

गावात चर्चला लागणारं डिझेल म्हणजे अण्णांचा जनरेटर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या माना हळूहळू अण्णांकडे वळल्या. पहिला हात वर झाला तो अण्णांचाच.

"सोडायचं म्हंजे सोडायचंच!" ते कडाडले. "तीस वरसं मी जाळतोय. त्या धुरानं माझ्याच दारचा आंबा मोहरंना झालाय. दुसऱ्या कुणाला काय इचारताय, मला इचारा की!"

बायकांच्या बाजूला त्यांच्या बायकोनं, रोजाआक्कांनी, कपाळावर हात मारला. तो आवाज मागच्या बाकापर्यंत आला.

मिस्सा सुटल्यावर अंगणात त्यांनी नवऱ्याला गाठलं. "अवो, आनि उद्यापासनं खायाचं काय? फादरचं पत्र?"

"आगं, पत्रातच आपली सोय हाय. ज्येंचं पोट त्येच्यावर हाय त्येंला सोडायचं न्हाय म्हटलंय. आख्ख्या गावात असं पोट कुणाचं हाय? माझंच! म्हंजे ते माझ्यासाठनंच लिवलंय."

"कुणी?"

"रोमनं."

त्या दिवसापासून अण्णांची चाल बदलली. रेशनच्या रांगेत ते म्हणत, "सरका रं, माझा विषय रोममधी चाललाय." खानापूरला सरकारी कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी गेले, तर कारकुनानं उद्योग काय विचारला. अण्णा म्हणाले, "न्याय्य बदल." कारकून बिचारा कानडी माणूस, जेवायची वेळ झालेली. "अदेल्ला ब्याड्री अण्णा, ते सगळं नको," तो हात जोडून म्हणाला, "रकान्यात काय लिहू तेवढं सांगा." शेवटी त्यानं शेतमजूर लिहिलं. अण्णा ते खोडायला लावायला दुसऱ्या दिवशी परत गेले.

गाव हसत होतं. मीही हसत होते. पण रोजाआक्कांचा प्रश्न खरा होता. घरात दुसरी मिळकत नव्हती, अण्णांचं वय सत्तावन्न, आणि दुसरं काम येत नव्हतं. परिपत्रक लिहिणं एक आणि बस्त्यावअण्णांना हाताला धरून नेणं दुसरं, हे फादर इनासांनाही कळत असावं. ते अण्णांच्या घरावरून जाताना पावलं उचलून चालायचे.

मग उपासकाळ आला, ईस्टरच्या आधीचा. कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं. अण्णांनी डिझेल सोडलं. पण आधी घेतलेल्या सुपाऱ्या होत्या आणि दिलेला शब्द मोडणं हे आणखी मोठं पाप. म्हणून ते जनरेटर चालवत आणि दर शनिवारी जाऊन त्याचा पापकबुलीजबाब देत. माझा चौथीचा वर्ग चर्चच्या भिंतीला लागून. कबुलीजबाब ही खरं तर देव, पाद्री आणि पापी यांच्यातली गोष्ट. अण्णांच्या बाबतीत त्यात चौथी अ सामील होती.

"फादर, चिकोडीला लगीन होतं. चोवीस लिटर जाळलं!"

मग शांतता. फादर काहीतरी पुटपुटले असावेत.

"न्हाय न्हाय, वऱ्हाड लई होतं! आइस्क्रीमची पेटी बी जोडल्याली!"

पुन्हा शांतता.

"आनि पाटलाचा पंप दोन दिस झालं चालूच हाय, त्येचं बी हितंच घ्या की!"

आता फादरांनाही आवाज चढवावा लागला. "अण्णा, आपलं आपलं पाप सांगायचं असतं!"

"आवो, मग त्येचं कोन सांगनार? त्यो तर इकडं फिरकत न्हाय!"

प्रायश्चित्त म्हणून फादरांनी लिटरमागं एक 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणायला सांगितली. अण्णा निघाले, दारातून परतले, आणि आम्हाला ऐकू आलं, "फादर, पेट्रोलपंपवाला माप मारतोय. त्येचं कमी धरू का?" मी फळ्यावर आगगाडीचं गणित घातलं होतं. पोरांचं लक्ष कुठं आहे ते पाहून मी ते पुसलं आणि लिटरचं घातलं. सगळ्यांना सुटलं.

ईस्टरनंतर चर्चचा सण आला, आणि अण्णांच्या जनरेटरशिवायचा हा पहिला सण. देणग्या जमवून सौर पट्ट्या आणल्या होत्या, त्या तात्पुरत्या चर्चच्या अंगणात मांडल्या होत्या. दिवसभर बॅटऱ्या भरून घेतल्या आणि संध्याकाळी एका हातगाड्यावर चढवल्या. मिरवणूक निघाली. पुढं संताची मूर्ती, मग गाणारी मंडळी, मग गाडा. दिवे लखलखत होते. धूर नाही, घरघर नाही. फादर इनासांचा चेहरा दिव्यांहून उजळ झाला होता.

गायकवृंदाचे मिंगेल मास्तर. त्यांनी हात उंचावला आणि गाणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे चौदा माणसांनी चौदा ठिकाणी तोंडं उघडली. मास्तरांनी थांबवलं, पुन्हा हात उंचावला. या खेपेला आधीपेक्षा वाईट झालं. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, आणि चालणाऱ्यांची पावलं तिसरीकडेच. बावीस वर्षं हीच मंडळी हेच गाणं निर्वेध म्हणत आली होती. मास्तरांना घाम फुटला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं संत रागावला.

कोडं उलगडलं ते निम्मे कान गेलेल्या माणसाला. बावीस वर्षं ही मंडळी मागून येणाऱ्या जनरेटरच्या घूंमधून सूर उचलत होती आणि त्याच्या धडधडीवर पावलं टाकत होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मास्तरांना तर मुळीच नव्हतं. अण्णा गर्दीतून वाट काढत गाड्याच्या मागं गेले, एक हात बॅटरीच्या पेटीवर ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं: "घूंऽऽऽऽ." दुसऱ्या हातानं पाना गाड्याच्या लोखंडावर, धडधडधड.

गाणं लागलं. असं लागलं की लोक कडेला उभे राहून बघत राहिले. तासभर अण्णा घूं करत चालले. चढाला आले तेव्हा सवयीनं त्यांनी घूं थोडी जड केली आणि सगळा वृंद अर्धा सूर खाली उतरला. चर्चच्या दारात फादरांनी थांबा म्हणून खूण केली, तेव्हा बंद होताना जनरेटर दोन आचके देऊन खोकायचा तसे दोन आचके देऊन अण्णा खोकले आणि थांबले. त्यांचा घसा बसला. गावाला तीन दिवस शांतता लाभली.

"लई कौतुक झालं," रोजाआक्का कुंपणापलीकडून मला म्हणाल्या. "आता घूं करून घर चालतंय का बगूया."

त्याच आठवड्यात निपाणीचा एक मांडववाला जनरेटर विकत घ्यायला आला. चांगली रक्कम द्यायला तयार होता. रोजाआक्कांनी चहात साखर वाढवली, मीही निमित्त काढून ओट्यावर जाऊन बसले. अण्णांनी विचारलं, "घेऊन काय करनार?"

"काय करनार म्हंजे? चालवनार की."

"किती?"

"सीझनला रोजच."

"मग न्हाय देत," अण्णा म्हणाले. "दारू सोडल्याल्यानं उरल्याली बाटली शेजाऱ्याला इकायची व्हय?"

मांडववाला हसला, मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "अण्णा, मी दुसरा कुणाचा तरी घेनारच. मग तुमच्यानं काय फरक पडला?"

"तुला पडला नसंल. मला रातीला झोप लागंल." आणि त्याच्या खिशात त्यांनी परिपत्रकाची झेरॉक्स कोंबली.

रोजाआक्कांनी अबोला धरला. अण्णांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

मग एका दुपारी त्यांनी स्वतःच जनरेटर उघडला. एकेक भाग काढून, फडक्यानं पुसून, अंगणात पोत्यावर मांडला. मोडीत घालायचं सामान कुणी इतकं पुसत नाही. मी कुंपणाशी उभी होते. ते डोळे चोळत म्हणाले, "टीचर, डिझेल गेलं डोळ्यात." टाकी महिनाभर कोरडी होती. आम्ही हसण्यावारी नेलेला हा माणूस त्या दिवशी मला फार मोठा वाटला, आणि त्याची काळजीही वाटली.

फादर इनासांनी मात्र शब्द पाळला. पावसाळ्यात त्यांनी अण्णांना बेळगावला सौर कामाच्या शिक्षणाला धाडलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांत अण्णा तीन आठवडे बसले आणि प्रमाणपत्र घेऊन आले. ते त्यांनी घरातल्या येशूच्या तसबिरीशेजारी लावलं, जरासं वरच. रोजाआक्कांनी खाली घेतलं. ठरलं असं की पाऊस सरला की पट्ट्या अंगणातून उचलून शाळेच्या स्लॅबवर चढवायच्या, गावच्या दवाखान्यावरही बसणार होत्या, आणि या सगळ्याची देखभाल कायमची अण्णांकडे. रोजाआक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पाऊस सरला, शिडी लावली, आणि कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट बाहेर पडली. अण्णांना उंचीची भीती होती. आजवरचं सारं आयुष्य त्यांनी यंत्राशेजारी उकिडवं बसून नाहीतर त्याखाली निजून काढलं होतं. चौथ्या पायरीवर ते थांबले, शिडीला मिठी मारली आणि "पुढची पायरी ढिली हाय" म्हणून खाली आले. पायरी ढिली नव्हती.

मग त्यांनी जमिनीवरूनच काम करायच्या युक्त्या काढल्या. लांब वेळूला फडकं बांधून बघितलं, ते स्लॅबच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधी आमच्या मुख्याध्यापिकांपर्यंत पोहोचलं. पट्ट्या अंगणातच असू देत, सूर्य खाली बी येतोय की, असा वाद घातला. पण अंगणाचा अनुभव उन्हाळ्यात घेऊन झाला होता. इतकी सपाट, स्वच्छ आणि तापणारी जागा बघून गावातल्या बायकांनी पट्ट्यांवरच पापड घातले होते. बॅटऱ्या भरत का नाहीत हे बघायला फादर गेले तेव्हा पट्ट्यांवर सांडगेही होते, आणि त्यातले निम्मे रोजाआक्कांचे होते.

शेवटी फादरांनाही म्हणावं लागलं, नाताळपर्यंत बघू, नाहीतर खानापूरचा एक पोरगा तयार आहे. ते ओशाळून म्हणाले, पण म्हणाले.

त्या दुपारी अण्णा शाळेच्या पायरीवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "टीचर, हात वर केला तवा लई सोपं वाटलं बगा. आता सगळ्यांनी शब्द पाळला, आनि मलाच वर जाता येत न्हाय. रोजाला काय तोंड दावू?" गणिताच्या बाईला सुचण्यासारखं ते नव्हतंच.

सुचलं ते रोजाआक्कांना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून शिडीपाशी उभ्या राहिल्या. "मी शिडी धरतो. तुमी वर बगायचं. खाली बगायचं न्हाय. भ्या वाटलं की मला इचारायचं, धरलीस न्हवं म्हनून. मी व्हय म्हनतो."

अण्णा चढले. प्रत्येक पायरीला थांबून विचारलं, "रोजे, धरलीस न्हवं?" "व्हय!" बारा पायऱ्या, बारा प्रश्न, बारा उत्तरं. आम्ही वर्ग सोडून व्हरांड्यात उभे होतो. ते स्लॅबवर पोहोचले तेव्हा चौथी अ नं टाळ्या पिटल्या, आणि अण्णा पाठमोरे, खाली न बघता म्हणाले, "रोजे, टाळी वाजवू नगंस! शिडी सुटंल!"

काम अण्णांना मिळालं. आधी शाळा, मग दवाखाना. दर आठवड्याला ते स्लॅबवर चढून पट्ट्या पुसायचे आणि गावभर ऐकू जायचं, "रोजे, धरलीस न्हवं?" आणि त्यापाठोपाठ रोजाआक्कांचं "व्हय!" लोक त्यावर घड्याळं लावायचे.

वर्षभरानं मी निपाणीच्या शाळेत जायचं ठरवलं, सासर तिकडचं म्हणून. शेवटच्या दिवशी सामान घेऊन फाटकाकडे निघाले तर अण्णा वर पट्ट्या पुसत होते. निरोप घ्यावा म्हणून मी शिडीकडे वळले. शिडीपाशी कुणीच नव्हतं. रोजाआक्का लांब फणसाच्या सावलीत बसून शेंगा निवडत होत्या.

वरून हाक आली, "रोजे, धरलीस न्हवं?"

"व्हय!" रोजाआक्का जागेवरूनच ओरडल्या. मी बघतच राहिले. त्या जवळ बोलावून कुजबुजल्या, "दुसऱ्या आठवड्यापासनं न्हाय धरत. घरची कामं कोन करनार? आवाज लांबनं येतोय का जवळनं, त्येंला कळत न्हाय. बोलू नगा हं टीचर, पडतील भ्यानं."

मी मान हलवली आणि शिडीखाली जाऊन अण्णांकडे वर पाहिलं. ते स्लॅबच्या अगदी कडेला उभे होते, कशालाही न धरता, आणि खाली बघत होते. त्यांनी रिकाम्या शिडीकडे पाहिलं, फणसाखालच्या रोजाआक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसले. काळ्या पडलेल्या बोटाची खूण ओठांवर केली आणि माघारी वळून पट्टी पुसायला लागले.

"रोजे," ते ओरडले, "धरलीस न्हवं?"

"धरलीया की!" रोजाआक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची शेंग मोडली.